फाटे फोडणाऱ्यांचे स्वागत आहे

४ फेब्रुवारी

चि. टिकटिक हिला,

मामाचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. आशीर्वाद नेहमीचा, धपाटा मागच्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल. फोन कर म्हणतेस, पण फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मागून संगणकाची टिकटिक चालू असते. पत्र वाचताना तरी तुझे हात माझ्या ताब्यात असतात.

बातमी वाईट आहे. तुझ्या आईनं आपलं प्रार्थनाघर सोडलं. एकटी गेली असती तर रुसली म्हणून सोडून दिलं असतं. पण बाईसाहेब चांगली निम्मी मंडळी घेऊन गेल्या, वर पेटीही उचलून नेली. आता त्यांची प्रार्थना सुताराच्या कारखान्यावरच्या खोलीत होते. खाली रंधा, वर भक्ती.

आणि भांडण कशावरून, तर एका शब्दावरून! आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ओळ आहे ना, "आम्हां पामरां घेई पदरी", त्यातला "पामरां" तिला खुपतो. तिच्या शिवणवर्गातल्या एका मुलीनं म्हणे विचारलं, "बाई, पामर म्हणजे पामतेल लावलेला माणूस का?" झालं. बाईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "दादा, उद्यापासून 'लेकरां' म्हणायचं." मी म्हटलं, "पूर्वापार चालत आलेला शब्द आहे, तुझ्या ब्लाउजची बाही नव्हे, वाटेल तेव्हा उसवायला." हे मी बोलायला नको होतं हे मला बोलतानाच कळलं. पण तीर सुटला तो सुटला.

तेव्हापासून अबोला आहे. माझ्या चष्म्याच्या दुकानावरून जाते, पण मान सरळ. परवा तिच्या चष्म्याची काडी मोडली तर दुसरीकडून बसवून घेतली. इतकी वाकडी बसवलीय की लांबूनही दिसतं. तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

खरं सांगतो, मंडळी निम्मी झाली ह्याचं मला एवढं नाही. बाकं रिकामी राहिली तर राहिली. पण लहानपणापासून ती माझ्या डाव्या हाताला उभी राहत आली. आता तिथं निवृत्त पोस्टमास्तरीणबाई उभ्या राहतात आणि भलतंच काहीतरी पुटपुटतात. मला माझी बहीण परत हवी आहे. तुम्ही मुलं जगातली मोडकी यंत्रं घरबसल्या दुरुस्त करता, ह्यावर काही सुचतं का बघ.

तुझा,
मामा

---

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

धपाटा मिळाला. हे पत्र लिहिताना एकही बटण दाबलेलं नाही, अक्षरावरून कळलंच असेल.

आईनं मला ह्यातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. "सगळं ठीक, शिवणाचं काम वाढलंय" एवढंच. धन्य आहात दोघं!

आता माझ्या कामाचं ऐक, कारण उत्तर तिथंच आहे असं मला वाटतं. मी ज्या प्रोग्रामवर काम करते तो कुणाच्याच मालकीचा नाही. जगभरची माणसं तो मिळून लिहितात. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं. चूक दिसली, सुधारणा सुचली, तर कुणीही सांगावी. शाळकरी पोर असो नाहीतर प्रोफेसर. फक्त सांगताना कारण द्यायचं. मग जो सांभाळणारा असतो, तो ते बघतो आणि घेतो किंवा नाकारतो. नाकारायचा हक्क त्याला आहे, पण त्यानंही कारण द्यायचं. आणि मामा, "पूर्वापार आहे" हे कारण नव्हे. ते वय झालं.

आणि तरीही एखाद्याला नाहीच पटलं, तर तो सगळा प्रोग्राम उचलतो, आपल्या घरी नेतो आणि हवा तसा बदलतो. ह्याला आम्ही फोर्क म्हणतो. जेवणाचा काटा नव्हे, रस्त्याला फुटतो तो फाटा. आमच्यात फाटा फोडणं हा गुन्हा नाही, तो प्रत्येकाचा हक्क आहे. उलट पुष्कळदा फाट्यावर काहीतरी चांगलं घडतं आणि मूळ रस्ता ते आपल्यात घेतो. फाटे फुटतात म्हणून तर रस्ता जिवंत राहतो.

तेव्हा आईनं केलं ते भांडण नव्हे, फाटा आहे असं समज. तिला मोकळेपणानं कळू दे की तू रागावलेला नाहीस. दार उघडं आहे, तिकडचं चांगलं इकडे यायला हरकत नाही. एवढं कर, बघ काय होतं ते.

मी प्रार्थनेला बसत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे ह्यात मी तोंड घालावं का हा प्रश्नच आहे. पण तूच विचारलंस.

टिकटिक

---

२ मार्च

चि. टिकटिक हिला,

तोंड खुशाल घाल. तू बसत नाहीस म्हणून तुझं नाव कुणी खोडलेलं नाही. तुझ्या जागेवर सध्या पाण्याचा जग ठेवतो, एवढंच.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. म्हटलं, देव म्हणजे काय प्रोग्राम आहे? उद्या कुणी सुचवेल, प्रार्थना फार लांब होते, देवच काढून टाकू! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सुचवेना का, नाकारायचा हक्क मला आहेच. आणि देव कोण बदलतोय? त्याला हाक कशी मारायची एवढाच तर वाद आहे. तिसऱ्यांदा वाचलं ते "वय झालं" ह्या वाक्यापाशी अडकलो. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी हसतोय.

तर मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे तातडीनं काम केलं. मोकळेपणानं कळू दे म्हणालीस ना? प्रार्थनाघराच्या दारावर पाटीच लावली. नजर तपासायच्या तक्त्यावर असतात तशी मोठी अक्षरं काढली, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी. मजकूर तुझाच:

फाटे फोडणाऱ्यांचे स्वागत आहे.

शांतपणे वाट बघतोय. आज सकाळी तुझी आई दुकानावरून गेली, समोरच प्रार्थनाघराच्या पाटीपुढे थांबली, अगदी डोळे फाडून वाचली. मला वाटलं, आता वळते. वळली नाही, पण थांबली हे काय कमी आहे? न्हावी म्हणाला, "मामा, पाटी जबरदस्त हाणलीत." त्यालाही आवडलेली दिसते.

मामा

---

५ मार्च

प्रिय बाळा,

तुला ह्यात ओढायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता पाणी डोक्यावरून गेलं. तुझ्या मामानं प्रार्थनाघराच्या दारावर भली मोठी पाटी लावलीय, "फाटे फोडणाऱ्यांचे स्वागत आहे". नाव तेवढं लिहायचं राहिलं माझं! येणारे जाणारे वाचतात आणि माझ्याकडे बघून गालात हसतात. शिवणवर्गातल्या मुलीसुद्धा. कापड कातरताना एक दुसरीला म्हणाली, "फाटे फोडू नकोस गं, बाईंसारखे." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दादा तापट आहे, हट्टी आहे, सगळं खरं. पण असा जाहीर टोमणा मारणारा तो नव्हता. मला वाईट वाटलं. रडू आलं, लपवत नाही.

आमचं वरच्या खोलीत बरं चाललंय. म्हणजे तसं बरं चाललंय. "लेकरां" म्हणतो. पण एकदा शब्द बदलायचा म्हटल्यावर ज्याला त्याला हुरूप आलाय. दाताचे डॉक्टर म्हणतात शेवटचं कडवं गाळू, त्यांना दवाखाना उघडायचा असतो. सुताराची बायको म्हणते "पदरी" काढा, आता पदर घेतं कोण? काल दोघांची अशी जुंपली की दोघं उठून गेले. आता डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यात वेगळी प्रार्थना करणार आहेत. खुर्चीत आडवी झालेली माणसं धरून आणणार असतील. मी कुणाला नाही म्हणायला जावं तर ते विचारतात, "का नाही?" आणि मला उत्तर येत नाही. दादाला रोज हेच करावं लागत असेल, हे मला तिथं असताना कधी कळलं नाही.

शब्द का बदलायचा म्हणशील तर मुलांना अर्थ कळत नाही म्हणून. बाकी काही नाही.

जेवत जा वेळेवर.

आई

---

१४ मार्च

प्रिय आई,

पाटीचा गुन्हा माझा आहे. आधी हस, मग रागव.

मी मामाला लिहिलं की आमच्या कामात फाटा फोडणं ही मानाची गोष्ट असते. वेगळं व्हायचा हक्क सगळ्यांना असतो, आणि वेगळं झालेल्यानं परत यायलाही दार उघडं असतं. मामानं ते मनावर घेतलं आणि तुझ्या स्वागताची पाटी लावली. स्वागताची, आई! तुला बोलवायला! आपल्या भाषेत "फाटे फोडणे" म्हणजे काय हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी एवढी शिकले आणि मामा एवढा वाचतो, दोघंही दगड. न्हाव्यानं त्याला शाबासकी दिली आणि तो बिचारा खूश.

आता तुझ्या खोलीबद्दल. "का नाही" ह्याचं उत्तर यायला हवं असेल तर आधी "का" विचारावं. जो बदल सुचवेल त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं, खरं कारण. निम्मे लोक तिथंच खाली बसतात. आमच्याकडे हा रोजचा अनुभव आहे.

आणि फाट्यावरचा माणूसही मूळ रस्त्याला बदल सुचवू शकतो. किंबहुना त्यानंच सुचवावा. तू मामाला "उद्यापासून असं म्हणायचं" असं सांगितलंस, त्याला विचारलं नाहीस. एकदा जा आणि सुचव. पण कारण खरं सांग. मुलांना अर्थ कळत नाही हे मला पटत नाही. मुलांना "घेई पदरी" तरी कुठे कळतं? ते तू बदलत नाहीस. मी लहान असताना अर्थ विचारला की तू सांगायचीस, शब्द बदलायची नाहीस. तेव्हा माझ्यापासून लपवतेस ते लपव, पण त्याच्यापासून नको.

तुझी

ता. क. चष्म्याची काडी वाकडी आहे हे मला इथपर्यंत कळलंय.

---

२६ मार्च

चि. टिकटिक हिला,

अगं, काय करून ठेवलं आपण! तुझ्या आईनं तुझं पत्र न्हाव्याच्या हाती माझ्याकडे पाठवलं. स्वतः आली नाही, पण पत्र पाठवलं. वाचून मी पाटी उतरवायला धावलो. शिडीवरून न्हाव्याला विचारलं, "तू जबरदस्त म्हणालास ते टोमणा म्हणून?" तो म्हणाला, "मग काय! मला वाटलं मामांना शिंगं फुटली." डोकं फोडून घ्यावंसं वाटलं.

पाटी उतरवली. पण तुझा दुसरा उपाय डोक्यात घोळत राहिला: आतलं सगळं उघडं करायचं. म्हटलं, बदल कुठला घ्यायचा ते पुढं बघू, आधी आपण आता काय म्हणतो ते तरी सगळ्यांना एकसारखं कळू दे. इथं उरलेल्या मंडळींना बसवलं आणि म्हटलं, प्रत्येकानं ती एक ओळ एकट्यानं म्हणून दाखवायची. पेटी नाही, कोरस नाही.

टिकटिक, मी जे ऐकलं ते तुला सांगू कसं? न्हावी म्हणतो "आम्हां चामरां". मी विचारलं, चामर म्हणजे काय? म्हणाला, "केसांचंच काहीतरी असतं ना, म्हणून मला आपलं वाटायचं." बसचा ड्रायव्हर म्हणतो "आम्हां कामगारां". शब्द ओळीत मावत नाही, तो कोंबून बसवतो. म्हणूनच इतकी वर्षं तो सगळ्यांच्या मागे पडत होता, आणि मी त्याला ताल शिकवत होतो! नळदुरुस्तीवाला आधी नुसतं "म्म्म्म" करतो आणि एकदम "पदरी"ला सामील होतो. आणि पोस्टमास्तरीणबाई, ज्या माझ्या डाव्या हाताला उभ्या राहतात, त्या काय म्हणतात? "आम्हां अमरां घेई पदरी"! मी म्हटलं, "बाई, अमर असाल तर पदरी कशाला घ्यायला हवंय?" त्या म्हणाल्या, "मला कधीपासून तोच प्रश्न पडलाय, पण तुमच्यासमोर विचारायचं कसं?"

सगळे हसून हसून आडवे झाले. मीही हसलो. पण नंतर दुकानात काच घासताना मनात आलं, ज्या शब्दासाठी मी सख्ख्या बहिणीला तोडलं, तो ह्या घरात मी सोडून कुणी म्हणतच नव्हतं. प्रत्येकाचा आपापला फाटा होता आणि मी पेटीच्या आवाजात त्याला परंपरा म्हणत होतो. आणि मला विचारायची ह्यांना भीती वाटत होती. ते मात्र फार लागलं.

आता नियम केलाय. येत्या रविवारी ज्याला बदल सुचवायचा त्यानं यावं, उभं राहून कारण सांगावं. सुताराच्या माडीवरच्यांनीही यावं. मी हो किंवा नाही म्हणेन, आणि मलाही कारण द्यावं लागेल. निरोप न्हाव्याबरोबर धाडलाय. ह्या वेळी पाटी नाही.

ती आली नाही तर काय करू, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस.

मामा

---

६ एप्रिल

चि. टिकटिक हिला,

आली.

सगळी माडीच घेऊन आली, उठून गेलेल्या दोघांसकट. बाकं पुरली नाहीत. दाताचे डॉक्टर उभे राहिले, म्हणाले शेवटचं कडवं गाळा. मी म्हटलं, कारण? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मला उशीर होतो." आणि स्वतःच हसून खाली बसले. सुताराच्या बायकोनं "पदरी" काढा म्हणून सुचवलं, तर पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, थंडीत आई पांघरूण ओढून घेते ना आपल्यावर, तेच ते." ती म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नाही. मग राहू दे की." मला वाटलं, हे सोपं आहे. आपण उगाच घाबरत होतो.

मग तुझी आई उभी राहिली. हात शिवणाच्या बाईचे, पण पदराशी नुसता चाळा चाललेला. मी तयारीत होतो. मुलांना अर्थ कळत नाही म्हणाली, तर काय उत्तर द्यायचं ते पाठ करून आलो होतो.

ती म्हणाली, "मुलांचं कारण खोटं होतं. खरं कारण दादा आहे. आई-बाबा गेले तेव्हा ह्यानं शाळा सोडली. दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसल्या आणि मला शिकवलं. माझी वेणी घालायला शेजारणीकडून शिकून आला. पहिली वेणी इतकी घट्ट घातली की दिवसभर माझ्या भुवया वर राहिल्या. असा माणूस रोज संध्याकाळी सगळ्यांदेखत स्वतःला पामर म्हणतो. बाकीचे काय म्हणायचं ते म्हणोत. हा शेजारी उभा राहून म्हणतो आणि ते मला ऐकवत नाही. देवाला चालत असेल. मला चालत नाही."

टिकटिक, माझं पाठ केलेलं उत्तर गेलं कुठल्या कुठे. मला वाटत होतं, तिला नव्या जमान्याचं व्हायचंय, मी तिला जुनाट वाटतो. मी कसाबसा म्हणालो, "चिंगे, मी ते नम्रपणानं म्हणतो गं." ती म्हणाली, "नम्रपणानं म्हणतोस तर मान खाली का घालतोस? मी लहानपणापासून बघतेय. बाकी सगळी प्रार्थना वर बघून आणि तो शब्द तेवढा जमिनीकडे बघून."

मला स्वतःला हे माहीत नव्हतं गं. खरंच माहीत नव्हतं.

न्हावी हळूच म्हणाला, "मामा, हो की नाही? आणि कारण सांगावं लागेल." नियम मीच केलेला. मी म्हटलं, "हो. कारण माझी बहीण सांगतेय." कुणी हरकत घेतली नाही, हे कारण चालतं का ते तू कळव.

तर आता "आम्हां लेकरां घेई पदरी". ज्याला पामर म्हणायचंय त्याला मोकळीक. पोस्टमास्तरीणबाईंनी अमर सोडायला साफ नकार दिला, म्हणाल्या, "ह्या वयात मला त्याचीच गरज आहे." ते मंजूर केलं. ड्रायव्हर आता तालात आहे. माडीवरची खोलीही बंद करायची नाही असं ठरलं. आठवड्यातून एकदा तिकडे जमायचं, आणि नवं काही सुचवायचं ते आधी तिकडे म्हणून बघायचं, आमचे कान तेवढे वाचतील. आणि ह्यापुढे सांभाळणारे दोन, मी आणि तुझी आई. एकानं नाही म्हटलं की दुसऱ्यानं "का" विचारायचं. तुला कल्पना आहे ना ह्यातून काय काय होणार आहे? रोज कडाक्याचं भांडण. मी फार खुशीत आहे.

प्रार्थनेच्या आधी मी तिचा चष्मा मागून घेतला आणि काडी सरळ केली. ती म्हणाली, "दुसऱ्यानं बसवली तेव्हाच मला कळलं होतं वाकडी आहे म्हणून." "मग आली का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "तू का नाही बोलावलंस?"

मग उभे राहिलो. ओळ आली आणि इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून "पामरां" निघालंच, मान खाली. शेजारून असा सणसणीत चिमटा बसला की मी ओरडलोच, आणि मंडळींना वाटलं नवी तान आहे. ओळ दोनदा म्हणायची असते म्हणून बरं. दुसऱ्या वेळेला मी वर बघून "लेकरां" म्हटलं. डोळे पुसायला चष्मा काढायला गेलो तर तो मला कुणी काढू देईना, कारण एक हात तिनं धरून ठेवला होता आणि दुसरा न्हाव्यानं.

तुझा,
मामा